लोकरीच्या खोळीतला फोन

जावईबापूंनी फोन सासूबाईंच्या हातात ठेवला आणि बजावलं, "हा चार्ज करायचा नाही, बंद करायचा नाही आणि याला बोटही लावायचं नाही."

"मग करायचं काय याचं?"

"काही नाही. जाल तिथे बरोबर न्यायचा. बस्स."

सासूबाईंनी फोन उलटासुलटा करून पाहिला. "म्हणजे कामाला लावायचं नाही, वर बोलायचं नाही, नुसतं जपायचं. जावयासारखाच म्हणायचा की!"

पलीकडच्या खोलीतून त्यांची मुलगी, म्हणजे जावईबापूंची बायको, खो खो हसली. जावईबापूंनी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. सासूबाई राहायला आल्यापासून त्या कलेत ते बरेच तरबेज झाले होते.

तसं त्यांना स्वतःचं नाव होतं, पदवी होती, एका छोट्याशा कंपनीत बरा हुद्दाही होता. पण एकदा सासूबाई त्यांचा विसरलेला डबा घेऊन ऑफिसात आल्या आणि दारातूनच त्यांनी "जावईबापू, अहो जावईबापू!" अशी खणखणीत हाक मारली. त्या दिवसापासून अख्खं ऑफिस त्यांना जावईबापू म्हणू लागलं. कंपनीचे मालकसुद्धा.

या कंपनीत सध्या एकच काम जोरात चाललं होतं. आसपासची उपकरणं शोधून काढणारं फोनमधलं सॉफ्टवेअर. हेडफोन, घड्याळ, टीव्ही, ऐकू येण्याचं यंत्र, जे काही जवळ असेल ते फोनने आपणहून ओळखायचं. आता ही असली सॉफ्टवेअरं बाजारात ढिगाने आहेत. पण ती भाजीवाल्यासारखी सारखी ओरडत असतात. "मी इथे आहे! तिकडे कोण आहे?" ओरडून ओरडून घसा बसतो, म्हणजे बॅटरी संपते. शिवाय हाक ज्याला मारायची त्याच्याबरोबर चार तिऱ्हाइतांनाही ऐकू जाते.

जावईबापूंचं सॉफ्टवेअर कुजबुजायचं. तेही क्वचित, आणि एखाद्या क्षणापुरतं. ओळखीच्या उपकरणालाच कळेल अशी खूण टाकायचं आणि पुन्हा गप्प. प्रत्येक कुजबुजीला नवं खोटं नाव घ्यायचं, म्हणजे पाळत ठेवणाऱ्याला पत्ता लागायला नको. यातला बॅटरी वाचवण्याचा भाग जावईबापूंचा आणि लपवाछपवीचा भाग शंकासुराचा. शंकासुर म्हणजे त्यांचा सहकारी. हा गृहस्थ घराला कुलूप लावल्यावर ते ओढून पाही, आणि आपल्या ओढण्यावर भरवसा नाही म्हणून बायकोलाही ओढायला लावी. सुरक्षेच्या कामाला याहून लायक माणूस मिळणं कठीण.

हे सॉफ्टवेअर विकत घ्यायला एक मोठी कंपनी तयार झाली होती. ऐकू येण्याची यंत्रं बनवणारी. त्यांची अट साधी होती. यंत्राची बॅटरी शेंगदाण्याएवढी, ती पुरली पाहिजे; आणि कुणाच्याही कानात भलत्याने शिरता कामा नये. पण त्यांच्या सुरक्षाप्रमुख बाई भारी खट होत्या. "प्रयोगशाळेत सगळ्यांचीच मुलं हुशार असतात," त्या म्हणाल्या होत्या, "चार माणसांत फिरवून आणा, मग बोलू."

आता फिरवणार कोण? जावईबापू घरच्या खुर्चीवरून उठत ते ऑफिसच्या खुर्चीत बसत. बायको दंतवैद्य, तिचा दिवस लोकांच्या जबड्यापाशी जाई. सासूबाई मात्र निवृत्त झाल्यापासून एका जागी सापडत नसत. सकाळी बाग, मग वाचनालय, मग बँक, मग पोहण्याचा तलाव, आणि उरलेल्या वेळात ज्या कुणा मैत्रिणीचं काही बिनसलं असेल तिचं घर. याहून चांगली चाचणी कुठली?

सासूबाईंनी काम मनावर घेतलं. इतकं की दुसऱ्या दिवशी जावईबापू चहा घेत असताना त्यांनी समोर एक जाडजूड, राखाडी, उशीसारखी वस्तू ठेवली.

"हे काय?"

"तुमचा फोन. बोट लागू द्यायचं नाही म्हणालात ना? खोळ विणली. चारही बाजूंनी बंद. आता बोट लावून दाखवा!"

जावईबापूंनी ती उशी दाबून पाहिली. आत कुठेतरी फोन असल्याचा नुसता संशय येत होता. "अहो, पण तो बाहेर कसा काढायचा?"

"वेळ आली की उसवू. सुलट टाका आहे, भराभर उसवतो."

ऑफिसात शंकासुराला ही हकिगत सांगितली तेव्हा त्याचा चेहरा उजळला. "लोकरीतून लहरी जातात. आणि चोराला वाटणार, म्हातारीची उशी! जावईबापू, तुमच्या सासूबाई माझ्या खात्यात हव्या होत्या."

ठरलेले दिवस फोन सासूबाईंबरोबर गावभर हिंडला. मुदत संपली तशी त्या तो परत करायला स्वतःच ऑफिसात आल्या. नेमके त्याच दिवशी मोठ्या कंपनीचे पाहुणे आले होते. जावईबापू त्यांना निरोप देण्याच्या गडबडीत होते. सासूबाईंनी आपली पिशवी रिसेप्शनच्या टेबलावर ठेवली, तिथल्या मुलीला "ही जावईबापूंना द्या हो" म्हणून सांगितलं आणि वाचनालय बंद होईल म्हणून तशाच माघारी फिरल्या.

पिशवी जावईबापूंना मिळाली. त्यांनी ती आतल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "आता याला कुणी हात लावायचा नाही," त्यांनी जाहीर केलं. "प्रात्यक्षिकाच्या दिवसापर्यंत इथेच राहू द्या. बॅटरी किती टिकते ते त्यांच्यासमोरच उघडून दाखवू. असा दणका देऊ की बास!"

प्रात्यक्षिक आठवड्यानंतर सकाळी होतं. आदल्या दिवशी दुपारी मालकांना राहवेना. ते तसे भित्र्या मनाचे. "जावईबापू, एकदा बघून घेऊ या का? उगाच उद्या बॅटरी मेलेली निघाली तर?"

"नाही मरणार."

"तरी पण. माझं मन खातंय हो."

जावईबापूंनी कपाट उघडलं. पिशवी काढली. आतून एक सुंदर पांढरा कप निघाला, आणि कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक. पिशवी उलटी करून झटकली तर एक पेन पडलं.

"वा," मालक म्हणाले, "कप छान आहे. फोन कुठाय?"

जावईबापूंनी घरी फोन लावला. "सासूबाई, तुम्ही पिशवीत काय घातलं होतं?"

"काय म्हणजे? फोन घातला होता. खोळीसकट."

"पिशवी कशी होती?"

"राखाडी. तुम्हीच नाही का ऑफिसातून आणलेली, वर ते चक्र काढलेली?"

जावईबापूंच्या लक्षात आलं. तसल्याच राखाडी, तसल्याच चक्राच्या पिशव्या त्या दिवशी पाहुण्यांना भेट म्हणून द्यायला रिसेप्शनवर रांगेत मांडल्या होत्या. रिसेप्शनवरची मुलगी नीटनेटकी. सासूबाईंची पिशवी वाकडी दिसली म्हणून तिने ती उचलून रांगेत सरळ लावली होती. पाहुण्यांनी एकेक उचलली, आणि उरली ती जावईबापूंच्या वाट्याला आली.

"म्हणजे आपला फोन त्यांच्यापैकी कुणीतरी घेऊन गेलं!" मालकांनी कपाळाला हात लावला. "अहो मग फोन लावा ना त्याला! वाजेल!"

"त्यात सिम नाही."

"मग शोधा! आपण शोधायचंच सॉफ्टवेअर बनवतो ना?"

"जवळ गेल्याशिवाय कळत नाही. हाकेच्या अंतरात जावं लागतं."

"आणि बाकी कुणालाच तो सापडणार नाही," शंकासुर मध्येच म्हणाला. त्याच्या आवाजात काळजीपेक्षा अभिमानच जास्त होता. "ओळख असल्याशिवाय तो कुणाला दाद देत नाही. साऱ्या जगाने आकाशपाताळ एक केलं तरी नाही!"

मालकांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने पुढचं वाक्य गिळलं.

तेवढ्यात मालकांचाच फोन वाजला. ते बोलत गेले तसतसा त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. "हो मॅडम... अरेरे... टोळी? बापरे... नाही नाही, जरूर येतो..." फोन ठेवून ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले.

"काय झालं?"

"सुरक्षाप्रमुख बाई. त्यांच्या मजल्यावर आठवडाभर कुणीतरी छुपी उपकरणं पेरलीत. मधूनच कुजबुजतात आणि गप्प होतात. दर वेळी नवं नाव. त्यांच्या हिशेबाने ही शेकडो उपकरणं आहेत. मोठी टोळी असावी म्हणतात. उद्याचं प्रात्यक्षिक त्यांच्याच ऑफिसात ठेवलंय. तुमच्या सॉफ्टवेअरने ती टोळी शोधून दाखवा, म्हणाल्या."

मग शंकासुर हळूच म्हणाला, "शेकडो? एकाच फोनचे? म्हणजे नाव बदलण्याची माझी युक्ती झकास चाललीय की!"

"गप्प बस!" मालक आणि जावईबापू एकदमच ओरडले.

मालकांनी बेत आखला. उद्या जायचं. जोडीचा फोन, म्हणजे हरवलेल्याला ओळखणारा एकमेव फोन, खिशात ठेवायचा. तो थरथरेल त्या दिशेने जायचं, कुणाचं लक्ष नाही बघून खोळ उचलायची, आणि हसत हसत बाहेर पडायचं. "आपणच सुरक्षाप्रमुखांच्या ऑफिसात फोन दडवला असं कळलं तर करार राहिला बाजूला, आपल्याला खडी फोडायला पाठवतील. एक अक्षर बोलायचं नाही."

जावईबापूंना हे फारसं पटलं नव्हतं. पण याहून बरं काही सुचतही नव्हतं.

घरी हे ऐकून सासूबाई खवळल्या. "माझी पिशवी त्या पोरीने रांगेत लावली, आणि नाव माझं खराब? मी येणार."

"अहो, तुम्ही कशाला?"

"खोळ कशी आहे ते तुम्हाला आठवतंय का?"

जावईबापूंनी आठवून पाहिलं. राखाडी होती एवढंच आठवलं. बायको म्हणाली, "ने रे तिला. नाही नेलंस तरी ती बसने येईल, आणि ते जास्त वाईट."

अशा रीतीने दुसऱ्या दिवशी मोठ्या कंपनीच्या दारात चौघं उभी राहिली. मालक, जावईबापू, शंकासुर, आणि सुती साडीला इस्त्री करून आलेल्या सासूबाई. "या कोण?" दारावरच्या माणसाने विचारलं.

"आमच्या..." मालक अडखळले, "आमच्या बाहेरच्या चाचण्यांच्या प्रमुख."

सासूबाईंनी मान ताठ केली. ही बढती त्यांना मनापासून पटलेली दिसली.

वरच्या मजल्याची अवस्था लग्न मोडलेल्या मांडवासारखी झाली होती. छताचे चौकोन काढून ठेवलेले, कपाटं भिंतीपासून ओढलेली, कचऱ्याचे डबे उलटे घातलेले. दोन तंत्रज्ञ हातात अँटेना घेऊन दबक्या पावलांनी फिरत होते. एकाच्या यंत्राने टिक असा आवाज केला की दोघंही त्या दिशेने धावत, आणि पोचेपर्यंत यंत्र गप्प. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

जावईबापूंच्या खिशातला फोन मात्र लिफ्टमधून बाहेर पडल्यापासून थरथरायला लागला होता. ते जसे सुरक्षाप्रमुखांच्या केबिनकडे सरकले, तशी थरथर वाढली. दारात पोचले तेव्हा मांडी झणझणत होती.

"या, या," सुरक्षाप्रमुख बाई म्हणाल्या. आवाज मऊ, पण त्या आवाजाने बाहेरची सगळी खालमानेने काम करत होती. "बसा. आणि आधी एक सांगते. तुमची ती भेट मला फार म्हणजे फारच आवडली."

"कुठली भेट?" मालकांनी विचारलं.

"ही काय!" बाईंनी कीबोर्डसमोर हात दाखवला. तिथे, त्यांच्या मनगटाखाली, सासूबाईंची राखाडी खोळ आरामात पहुडली होती. "टाइप करून करून मनगट दुखायचं माझं. बाकी कंपन्या कप देतात. तुम्ही विचार करून दिलंत. हाताने विणलेलं आहे ना?"

मालक खुर्चीतून अर्धवट उठले आणि परत बसले. सासूबाईंचा चेहरा मात्र खुलला. "आवडलं ना? सगळा सुलट टाका आहे. कडेला तेवढा उलट घातलाय, म्हणजे वळत नाही."

"तुम्ही विणलंत?"

"मग! दोन बैठकींत."

मालकांनी जावईबापूंना कोपराने ढोसलं आणि घाईघाईने म्हणाले, "मॅडम, ती जरा जुनी लोकर आहे. द्या आमच्याकडे, नवी करून पाठवतो. याहून मोठी. हव्या त्या रंगाची."

"छे, हीच बसलीय हाताला." बाईंनी खोळ प्रेमाने थोपटली. "आता कामाचं बोलू. आठवडाभर आमची झोप उडालीय. सगळा मजला उकलला. बाहेरून माणसं बोलावली. त्यांनी या उपकरणांशी ओळख काढायचे सगळे प्रयत्न केले. खोटी नावं घेतली, आमच्याच यंत्रांची सोंगं घेतली. एकही दाद देत नाही. पण माणूस मात्र सापडलंय."

"म्हणजे?" जावईबापूंनी विचारलं.

"आमच्याकडे चहा देणाऱ्या मावशी आहेत. रजेवरून परतल्या त्याच दिवशी हे सुरू झालं. टेबलाटेबलापाशी जायला मोकळीक फक्त त्यांनाच. घरी बसवलंय त्यांना. कबूल करत नाहीत, नुसत्या रडतात. आज दुपारी पोलिसांत देणार आहे. त्याआधी तुम्ही एखादं उपकरण पकडून दिलंत तर पुरावा होईल."

मालक खाली बघत होते. शंकासुर छताकडे बघत होता. सासूबाई मात्र थेट जावईबापूंकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत एकच प्रश्न होता. जावईबापूंना वाटलं, बोललो तर नोकरी गेली, करार गेला, सगळ्यांची मेहनत पाण्यात. न बोललो तर एक बाई, जिचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही, दुपारी चौकीत बसेल. एवढं मनात आलं आणि ते उठूनच उभे राहिले.

"मॅडम, त्या मावशींना आधी फोन करा आणि कामावर बोलवा. त्यांनी काही केलेलं नाही."

"कशावरून?"

"कारण टोळीबिळी काही नाही. एकच फोन आहे. तो आमचा आहे. आणि तो तुमच्या मनगटाखाली आहे."

बाईंनी हात असा झटकन उचलला की जणू खोळीतून इंगळी डसली. अँटेनावाले दोघं दारात येऊन थबकले. जावईबापूंनी एका दमात सगळं सांगून टाकलं. पिशव्या, रांग, कप, पेन, सगळं. मालकांनी डोळे मिटून घेतले होते.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत?" बाईंचा आवाज आणखी मऊ झाला.

"मुद्दाम करायला जमलं असतं तर आम्ही एवढे घाबरलो असतो का?" सासूबाई म्हणाल्या. "बाई, तुम्ही शिकल्यासवरलेल्या. खोळ उघडून बघा की. हातच्या उशीला आरसा कशाला?"

म्हण जरा चुकली होती, पण मुद्दा पोचला. एका तंत्रज्ञाने कात्री पुढे केली. सासूबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली. "खबरदार! कापायचं नाही. उसवायचं."

आणि त्या उसवायला बसल्या. सुलट टाका भराभर उसवतो हा त्यांचा दावा थोडा अतिशयोक्तीचा होता. सुरक्षाप्रमुख, दोन तंत्रज्ञ, बाहेरून बोलावलेली माणसं, हळूहळू जमलेला सगळा मजला, सगळे श्वास रोखून लोकरीचा गुंडा वाढताना बघत राहिले. मध्येच सासूबाईंनी एका तंत्रज्ञाला दोन्ही हात पुढे करायला लावले आणि त्यावर लोकर गुंडाळायला सुरुवात केली. तो बिचारा अँटेना खाली ठेवून निमूटपणे उभा राहिला.

शेवटी फोन बाहेर आला. जावईबापूंनी जोडीचा फोन त्याच्याशेजारी नेला. दोन्ही पडदे एकदम उजळले, जशा दोन जुन्या मैत्रिणी जत्रेत भेटाव्यात.

जावईबापूंनी फोन बाईंसमोर धरला. सासूबाईंबरोबर गावभर हिंडून आणि इथे आठवडाभर कुजबुजून त्याची बॅटरी अजून निम्म्याहून जास्त शिल्लक होती. आणि खाली लिहिलं होतं की अनोळखी पाहुण्यांनी असंख्य वेळा दार ठोठावलं. आत कुणालाही घेतलेलं नाही.

बाहेरून बोलावलेल्या माणसांपैकी एकजण पुढे झाला, वाचून लाल झाला आणि म्हणाला, "हे... हे आमचेच प्रयत्न आहेत सगळे."

"सगळे फसले?" बाईंनी विचारलं.

"सगळे."

शंकासुराने इतका वेळ कसाबसा धरून ठेवलेला आनंद आता त्याला आवरेना. "सोंग घेऊन आलात तेव्हा त्याने तुम्हाला उलट प्रश्न विचारला असेल ना? तो माझा! तो माझा प्रश्न!"

सुरक्षाप्रमुख बाईंनी टेबलावरचा फोन उचलला आणि एक नंबर लावला. "मावशी? मी बोलतेय. चूक माझी झाली. माफी मागते... नाही, आजच या. गाडी पाठवते." मग फोन ठेवून त्या बाहेर जमलेल्या गर्दीकडे वळल्या. "ऐकलंत ना? आता आपापल्या जागी जा. आजपासून चहा मिळेल." मजल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. आठवडाभर ती मंडळी स्वतःच्या हातचा चहा पीत होती.

मग बाई मालकांकडे वळल्या. मालक खुर्चीच्या कडेवर टेकले होते.

"मी तुम्हाला म्हटलं होतं, चार माणसांत फिरवून आणा. तुम्ही माझ्याच नाकाखाली ठेवलंत."

"मनगटाखाली," सासूबाईंनी दुरुस्ती केली.

बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. त्यांच्या ऑफिसातल्या जुन्या माणसांनी नंतर शपथेवर सांगितलं, की ते हसूच होतं. "माझ्या पदरी एवढी माणसं, एवढी यंत्रं. आणि एक फोन ना सापडला, ना फुटला, ना संपला. याहून मोठी चाचणी मी घेऊ शकले नसते. शिवाय तुम्ही गप्प बसू शकला असतात, ते बसला नाहीत. जे खोटं लपवत नाहीत त्यांच्याकडून लपवाछपवीचं सॉफ्टवेअर घ्यायला मला भीती वाटत नाही. कागद आणा."

सही झाली. मालकांनी लिफ्टमध्ये जावईबापूंना मिठी मारली, मग शंकासुराला मारली, मग सासूबाईंकडे वळले आणि ऐनवेळी सावरून नमस्कार केला. ऑफिसात पेढ्यांऐवजी सापडेल ते गोड वाटलं गेलं. रिसेप्शनवरच्या मुलीला मालकांनी तो पांढरा कप बक्षीस दिला. तिला कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

करारात एक कलम मात्र बाईंनी हट्टाने घातलं होतं. पुढच्या प्रत्येक आवृत्तीची अशीच चाचणी झाली पाहिजे. फोन खरोखर हरवायचा, आणि तो हरवायला याच आजी हव्यात.

झालं. सासूबाईंना ऑफिसात टेबल मिळालं, ओळखपत्र मिळालं, आणि काम मिळालं, फोन हरवण्याचं. त्या रोज एक नवा फोन खोळीत घालून बाहेर पडू लागल्या. पहिला त्यांनी बसमध्ये सोडला. पुढच्या थांब्यावर कंडक्टर खाली उतरून मागे धावत आला. दुसरा बँकेत सोडला. बँकेचा पहारेकरी घरापर्यंत आणून देऊन गेला, वर पाणी पिऊन गेला. तिसरा तलावाच्या कपडे बदलण्याच्या खोलीत. तोही कुणी बाई स्वच्छ करून, घडी घातलेल्या टॉवेलसकट देऊन गेली. "आजी, तुमचं विणकाम राहिलं!" ही हाक ऐकली की सासूबाईंच्या अंगावर काटा येऊ लागला.

"लोक फार सज्जन झालेत हो जावईबापू," एका संध्याकाळी त्या हताश होऊन म्हणाल्या. "नोकरीची सुरुवात आणि एक काम धड होत नाही. मालक काय म्हणतील?"

सासूबाईंचा पडलेला चेहरा जावईबापूंना बघवेना. "त्यात काय एवढं? द्या इकडे. खोळीमुळे घात होतो. खोळ काढून टाकू. उद्या मी हरवतो."

दुसऱ्या दिवशी ते बागेतल्या गर्दीच्या बाकावर बसले. इकडे तिकडे पाहिलं, फोन हळूच शेजारी ठेवला, आणि शीळ घालत चालू पडले. फाटकापर्यंत गेले, मागे कुणी हाक मारली नाही. रस्ता ओलांडला, तरी हाक नाही. घरी पोचेपर्यंत त्यांची छाती फुगून दुप्पट झाली होती.

"हरवला!" दार उघडताच त्यांनी गर्जना केली. "पहिल्याच फटक्यात! याला म्हणतात काम!"

सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. बायकोही बाहेर आली. "अरे वा! आता तुझ्या मालकांना फोन करून सांग ना."

"सांगतोच!" जावईबापूंनी ऐटीत खिशात हात घातला आणि फोन काढला. तो उजळला. त्यावर ना नंबर लावायची सोय होती, ना कुणाचं नाव. त्यांनी दुसऱ्या खिशात हात घातला. मग शर्टाच्या. मग पुन्हा पहिल्या.

चाचणीचा फोन त्यांच्या हातात होता. बागेत राहिला होता तो त्यांचा स्वतःचा.

मग सासूबाईंनी शांतपणे डोळ्यांना चष्मा लावला, मुलीकडून फोन मागून घेतला आणि कंपनीच्या मालकांचा नंबर लावला.

"नमस्कार, मी बोलतेय. फोन हरवायला माझ्या खात्यात आणखी एक माणूस हवा होता ना? मिळाला. घरातलाच आहे... अहो, उपजत कला आहे हो! उद्यापासून माझ्या हाताखाली द्या."